ग्राफिक्स कार्ड: कोणाचा ड्रायव्हर कमी छळतो?

घोडबंदरकर
मंडळी, घरचा डेस्कटॉप २०१८चा आहे. आय५ ८४००, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), विंडोज ११. जुनं कार्ड गेल्या पावसाळ्यात गेलं, तेव्हापासून मशीनमधल्याच ऑनबोर्ड ग्राफिक्सवर निभावतोय. आता तीस हजारांच्या आतबाहेर नवं घ्यायचं म्हणतो. दिवसभर माझं ऑफिस चालतं, म्हणजे दोन मॉनिटर, मीटिंगा आणि एक्सेल. संध्याकाळी चिरंजीवांचा व्हॅलोरंट. रविवारी कधीतरी टीव्हीला जोडून सिनेमा.

फ्रेमरेटचे तक्ते यूट्यूबवर ढिगाने आहेत, ते नकोत. साहेब बोलत असताना स्क्रीन काळी पडणार नाही असं कार्ड कोणाचं, एवढंच सांगा. नौपाड्यातला दुकानदार म्हणतो एनव्हिडिया घ्या, डोळे मिटून. शेजारचा मुलगा एएमडीवाला आहे. ऑफिसातला एकजण इंटेल आर्कच्या प्रेमात पडलाय. त्यात पुन्हा आसूस, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांतलं कुठलं, हा वेगळाच घोळ.

जुना मदरबोर्ड
आधी शेवटचा घोळ सोडवू. खोक्यावर नाव कोणाचंही असो, आतली चिप तीनच कंपन्यांची: एनव्हिडिया, एएमडी, इंटेल. आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात बोलणं घडवणारं सॉफ्टवेअर, लिहिते ती चिपवाली कंपनी. एनव्हिडियाचं ५०६० आसूसचं घ्या नाहीतर झोटॅकचं, ड्रायव्हर तोच उतरवायचा आहे. मसाला एकाच गिरणीतला, पिशव्या वेगळ्या. त्यामुळे ‘अमक्या ब्रँडच्या कार्डाचे ड्रायव्हर चांगले’ हे वाक्य दुकानात ऐकलंत तर मान डोलवा आणि पुढे चला.

सफायर, पॉवरकलर आणि एक्सएफएक्स सध्या फक्त एएमडीची कार्डं बनवतात. झोटॅक आणि इनो३डी एनव्हिडियाची. आसूस, गिगाबाइट दोन्हीकडे. ईव्हीजीएचं नाव कोणी सुचवलं तर त्याची माहिती जुनी आहे असं समजा, त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये हा धंदाच सोडला.

मग ब्रँडने फरक कशात पडतो? पंख्याचा आवाज, हीटसिंकचा आकार, कारखान्यातून वाढवून दिलेला क्लॉक (चिपचा वेग), आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॉरंटीला कोण उभं राहतं. क्लॉक वाढवलेलं महाग मॉडेल रोजच्या कामाला काही कामाचं नाही. उलट काठावरची चिप नशिबात आली तर तेच कार्ड आधी कुरकुर करतं.

बारावी ब
व्हॅलोरंटला ऑनबोर्डसुद्धा चालतं काका 😄 कार्ड तुमच्या चिरंजीवांना जीटीएसारख्या जड गेमसाठी हवंय, तुम्हाला फसवतोय तो.

घोडबंदरकर
ते मला माहीत आहे. त्याला माहीत नाही की मला माहीत आहे.

ट्रान्सहार्बर
‘एनव्हिडिया डोळे मिटून’ हे ऐकलं की मला गंमत वाटते, कारण तिघांचीही कुंडली जाहीर आहे.

व्हिस्टा आलं तेव्हा, २००७ साली, मायक्रोसॉफ्टकडे नोंदल्या गेलेल्या क्रॅशांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर होते. हा आकडा पुढे अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आला. २०१० मध्ये त्यांचा १९६.७५ ड्रायव्हर पंखाच नीट फिरवेना, कार्डं तापू लागली आणि तो मागे घ्यावा लागला. अगदी अलीकडचं म्हणाल तर २०२५च्या जानेवारीत ५० मालिका आली आणि ५७२च्या ड्रायव्हरांनी लोकांच्या स्क्रीन काळ्या केल्या. हॉटफिक्सवर हॉटफिक्स, म्हणजे घाईघाईतल्या दुरुस्त्या. एप्रिलमधल्या ५७६.०२ मध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी आली तेव्हा कुठे आरडाओरडा कमी झाला.

एएमडीची बदनामी मुख्यतः २०१९च्या आरएक्स ५७०० एक्सटीने केली. काळ्या स्क्रीनचा तोच आजार, आणि बरा व्हायला फेब्रुवारी २०२० मधला २०.२.२ यावा लागला. पण त्यांचा सगळ्यात अतरंगी पराक्रम ऑक्टोबर २०२३चा. अँटी-लॅग प्लस नावाची सोय ड्रायव्हरमध्ये घातली, ती गेमच्या फायलींत हात घालत होती, आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्या लोकांवर फसवणुकीचा शिक्का बसून त्यांची खाती बंद झाली. सोय मागे घेतली, पण मुलांनी काय पाप केलं होतं?

इंटेल तर या धंद्यात काल आलेलं. आर्कची पहिली कार्डं २०२२ची. तेव्हा जुने डायरेक्टएक्स ९चे गेम रडत चालायचे. २०२३च्या सुरुवातीला ड्रायव्हर आला आणि तेच कार्ड जुन्या गेममध्ये ओळखू येईना इतकं सुधारलं.

यातून मी माझ्यापुरता एक नियम काढलाय. कंपनी कुठलीही असो, नव्या पिढीचं कार्ड बाजारात आल्यावर पहिले चार-सहा महिने हात लावायचा नाही. तोपर्यंत चाचणी आपल्या पैशाने चालू असते.

खारघरची कात्री
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे माझा कल एनव्हिडियाकडे आहे हे आधीच सांगून टाकते. कारण साधं आहे. आमची सॉफ्टवेअरं आणि त्यांचे प्लगइन बहुतेक कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणारी प्रोग्रामिंगची सोय) बेतलेले. शिवाय एनव्हिडिया एकाच कार्डाला दोन प्रकारचे ड्रायव्हर देते: गेम रेडी आणि स्टुडिओ. गेम रेडी नवा गेम आला की धावत येतो. स्टुडिओ थोड्या कमी वेळा येतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरांवर तपासलेला असतो. घोडबंदरकर, तुमच्या ऑफिसच्या कामाला स्टुडिओ टाका. गेम त्यावरही चालतात, चिरंजीवांना कळणारही नाही.

आणि हंगामात मी ड्रायव्हर बदलत नाही म्हणजे नाहीच. तुळशीचं लग्न झालं की दार बंद, ते थेट जूनमध्ये उघडायचं. कोपऱ्यात ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ म्हणून कितीही नाचू दे.

आणखी एक, कारण कोणीतरी स्वस्तातलं सुचवणारच. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांत व्हिडिओ एन्कोडर नाहीच. स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा एक्सपोर्ट करायला गेलात की सगळा भार प्रोसेसरवर. एव्ही१ (व्हिडिओ दाबून पाठवायची नवी पद्धत) डीकोडही नाही, आणि यूट्यूब हल्ली बरेचदा तेच पाठवतं. ‘नुसतं ऑफिसला हवंय’ म्हणून ही घेतात आणि मग मीटिंग रेकॉर्ड करताना पंखे ओरडतात.

सेक्टर सतरा
वाशीला रिपेअरिंगचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

‘ड्रायव्हर क्रॅश होतोय’ म्हणून जी मशीन टेबलावर येतात त्यांतल्या बऱ्याच मशीनचा आजार दुसरीकडेच असतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून टीडीआर नावाची सोय आहे. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करतं. स्क्रीन काळी होते, परत येते, आणि संदेश येतो की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला. झालं, नाव ड्रायव्हरचं लागलं. पण कार्ड गप्प का बसलं हे त्या संदेशात कुठे असतं? वीज कमी पडली असेल. रॅमने चुकीचा डेटा दिला असेल. कार्ड स्वतःच्या वजनाने स्लॉटमध्ये वाकलं असेल.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. ४१०१ नंबरची नोंद दिसली तर वर सांगितलेला प्रकार झालाय. पण काहीच नोंद नाही आणि एकदम कर्नल-पॉवर ४१ दिसतोय, म्हणजे मशीन कशाचीही वाट न बघता बंद पडलं. तिथे ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. एसएमपीएस, वायरिंग, अर्थिंग बघा.

अर्थिंगचं हसण्यावारी नेऊ नका. जुन्या सोसायट्यांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्या भोकामागे वायर जोडलेली असतेच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग ग्राफिक्स कार्ड. आणि यूपीएस. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन वेव्ह सोडत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. चांगल्या एसएमपीएसांत ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, त्यातल्या काहींना ही पायऱ्यांची वीज चालत नाही. लाइट जाते, यूपीएस उचलतो, आणि तरीही पीसी बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, नवं कार्ड टाकल्यापासून होतंय. होणारच, कारण भार वाढला.

घोडबंदरकर, तुमचा ४५०चा एसएमपीएस २०१८पासून खाडीकाठच्या दमट हवेत आणि रस्त्याच्या धुळीत चालतोय. त्यावर आधीचं कार्ड गेलंय. माझं ऐकाल तर आधी तो बदला. आधीचं कार्ड का गेलं याचं उत्तरही कदाचित त्यातच सापडेल.

केबलचंही असंच. दोन मॉनिटरवाल्यांच्या ‘फ्लिकर’च्या तक्रारींत जुनी एचडीएमआय केबल किंवा मधला फुकटात आलेला कन्व्हर्टर निघतो. तीनशे-चारशेची केबल बदलून बघायला कोणी तयार नसतं, तीस हजारांचं कार्ड बदलायला मात्र तयार.

जुना मदरबोर्ड
सेक्टर सतरा यांना +१. याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर अनरिअल इंजिनचे गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं सांगून पडत होते. लोक एनव्हिडियाच्या नावाने शंख करत होते, आणि कार्डांत मेमरी तर पडून होती. शेवटी निघालं काय, तर प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि तो आतून झिजत होता. इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. तोपर्यंत किती जणांनी कार्डं परत केली असतील देव जाणे.

ट्रान्सहार्बर
मान्य, पण सगळंच एसएमपीएसवर ढकलून कंपन्यांना मोकळं सोडू नका हो. २०२५च्या सुरुवातीला लोकांच्या कोऱ्या करकरीत एसएमपीएसवरही स्क्रीन काळ्या होत होत्या, आणि एनव्हिडियाने स्वतःच आपल्या ड्रायव्हरच्या टिपणांत ते कबूल केलं. ओळखायची सोपी युक्ती: जो ड्रायव्हर नीट चालत होता तो पुन्हा टाका. त्रास गेला तर दोष नव्या ड्रायव्हरचा. तरी चालूच राहिला तर मग सेक्टर सतरा यांची यादी घ्या.

त्यासाठी चाललेल्या ड्रायव्हरची फाइल डाउनलोड करून बाजूला ठेवायची सवय लावा. मी एका फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवतो.

मासुंदा
एक शंका. माझ्याकडे एएमडीचं कार्ड आहे. ड्रायव्हर ठीक चालतो आणि एखाद्या सकाळी उघडलं तर कंट्रोल पॅनलच उघडत नाही, आवृत्ती जुळत नाही म्हणतो. मी काहीच केलेलं नसतं.

ट्रान्सहार्बर
ते उद्योग विंडोज अपडेटचे. रात्री ते आपल्याकडचा जुना ड्रायव्हर तुमच्या नव्यावर चढवतं, आणि वरचं सॉफ्टवेअर एका आवृत्तीचं, खालचा ड्रायव्हर दुसऱ्या, असा संसार होतो. एएमडीवाल्यांना हा अनुभव इतक्या वेळा येतो की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा इशाराच आहे. डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नो’ करा. मग डीडीयूने (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये साफसफाई करून एएमडीच्या साइटवरचा ‘रेकमेंडेड’ लिहिलेला टाका. ‘ऑप्शनल’ लिहिलेल्याला हात लावू नका, कुठला नवा गेम त्यावाचून अडला नसेल तर.

सेक्टर सतरा
डीडीयू दर वेळी नको. कंपनी बदलताना, म्हणजे एनव्हिडिया काढून एएमडी किंवा उलट, तेव्हा जरूर. एरवी साधा इन्स्टॉलरच जुन्यावर नवा नीट बसवतो. लोक दर महिन्याला डीडीयू मारतात आणि इंटरनेट चालू ठेवतात. मग सेफ मोडमधून बाहेर येईपर्यंत विंडोजने आपला ड्रायव्हर आणून बसवलेला असतो. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मग करा काय ते.

पेंग्विनपाडा
कोणी विचारलं नाही तरी सांगतो: लिनक्सवर हे चित्र उलटं आहे. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, येतो, कार्ड लावा आणि कामाला लागा. एनव्हिडियाने आपले कर्नल मॉड्यूल खुले केले तेच मुळी मे २०२२ मध्ये.

मात्र लिनक्सवरच्या एएमडीवाल्यांनी टीव्ही जोडण्याआधी एक ऐका. खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ देण्याचा त्यांचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने बघायची हौस असेल तर डिस्प्लेपोर्टवाला पडदा बघा.

बारावी ब
आला, लिनक्सवाला आला. मी म्हणतच होतो अजून कसा नाही आला 😂

पेंग्विनपाडा
बाळा, तुझ्या व्हॅलोरंटला माझ्या घरात प्रवेश नाही. शांतता आहे.

घोडबंदरकर
धन्यवाद मंडळी, एवढं कुणी दुकानात सांगत नाही. मग आता माझ्यासमोर तीन आहेत: आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीचं, आणि आर्क बी५८०. बी५८०मध्ये १२ जीबी मिळतात आणि स्वस्तही पडतंय. ऑफिसातल्या आर्कवाल्याने मला जवळजवळ पटवलंय.

जुना मदरबोर्ड
कार्ड चांगलं आहे, तुमच्या मशीनला चालणार नाही. आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आणि इंटेल स्वतः १०व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर मागतं. तुमचा ८वा. काही बोर्डांना बायोस अपडेटने ती सोय मिळाली आहे, पण मिळाली तरी दुसरी अडचण आहेच. बी५८०चा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो. २०२५च्या जानेवारीत परीक्षणकर्त्यांनी जुन्या प्रोसेसरवर लावून बघितलं तेव्हा ते उघड झालं. नव्या राझेनवर धावणारं कार्ड सहा कोरवाल्या जुन्या आय५वर धापा टाकेल. ऑफिसातल्या मित्राचा प्रोसेसर कोणता ते विचारा एकदा.

ट्रान्सहार्बर
राहिली दोन. यात एक बारीक गोष्ट. ५०६० बोर्डाशी आठ लेनने बोलतं, ९०६० एक्सटी सोळा लेनने. नव्या बोर्डावर फरक पडत नाही. तुमचा बोर्ड पीसीआयई ३चा, म्हणजे कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी, तिथे आठ लेन म्हणजे रस्ता अर्धा. कार्डाची ८ जीबी भरली आणि सिस्टिमच्या रॅमकडे हात पसरावा लागला की जीटीएसारख्या गेममध्ये ते जाणवेल. ऑफिसच्या कामात नाही.

दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे असतील तर एएमडीबद्दल आणखी एक. ७००० मालिका डिसेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा नुसतं बसून असतानाही दोन मॉनिटरवर भरपूर वीज खायची. पुढच्या ड्रायव्हरांनी ते बरंच खाली आणलं. तरी दोन्ही मॉनिटर सारख्या रिफ्रेशवर ठेवता आले तर ठेवा. एनव्हिडियावाल्यांनीही ठेवा, तिकडे ब्राउझरमधला व्हिडिओ लुकलुकल्याच्या तक्रारी येतात.

मासुंदा
नवंच का? जुन्या बाजारात जीटीएक्स १०६० आणि आरएक्स ५८० पाच-सात हजारांत मिळतात. ऑफिसला काय कमी आहे?

जुना मदरबोर्ड
कमी आहेत ते पुढचे ड्रायव्हर, आणि या धाग्याचा विषयच तो. जीटीएक्स १० मालिकेला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या तीन महिन्यांनी एकदा, ऑक्टोबर २०२८पर्यंत. आरएक्स ५८०ला एएमडीने २०२३पासूनच वेगळ्या, सावकाश रांगेत बसवलंय. गेमवाल्यांना हे वाईट. पण गंमत बघा, ज्याला नुसतं ऑफिस करायचंय आणि ड्रायव्हर बदललेला आवडत नाही, त्याच्यासाठी न बदलणारा ड्रायव्हर ही चांगलीच सोय आहे. फक्त ते कार्ड आधी क्रिप्टो कॉइन खणायला, म्हणजे दिवसरात्र भाराखाली, वापरलेलं नसावं, आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर अर्धा तास भाराखाली चालवून दाखवावं.

खारघरची कात्री
वॉरंटीबद्दल कोणी बोललं नाही. मागे माझं एक कार्ड वॉरंटीत असताना गेलं होतं. कोणाचं ते जाऊ दे, नाव घेतलं की इथे दोन तट पडतील. बिलावर सीरियल नंबर लिहिलेला नव्हता म्हणून इतकी पळापळ झाली की विचारू नका, आणि ऐन हंगामात. आपल्याकडे वॉरंटी बहुतेक वेळा आयात करणारा वितरक सांभाळतो. कार्ड घेण्याआधी दुकानदाराला विचारा: याचं सर्व्हिस सेंटर कुठे, मी स्वतः नेऊन देऊ शकते का, की तुमच्यामार्फतच जायचं? काही ब्रँड खरेदीनंतर ठरावीक दिवसांत साइटवर नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात. ती तारीख सगळे विसरतात.

मासुंदा
मग लॅमिंग्टन रोडच बरा. दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. भाव ठाण्यापेक्षा कमीच असतो.

सेक्टर सतरा
असतो, पण कच्च्या चिठ्ठीवर घेऊन येऊ नका. १८ टक्के जीएसटी वाचवला म्हणून खूश होणारे पुढे वॉरंटीला माझ्याकडे येऊन रडतात. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि दुकानातच खोकं उघडून कार्डावरचा नंबर जुळवून घ्या. ठाण्यात हजार जास्त गेले तरी परत नेऊन द्यायला जवळ पडतं, हाही हिशोब करा.

घोडबंदरकर
ठरलं. आधी एसएमपीएस, ५५० वॉटचा. मग ९०६० एक्सटी, कारण बोर्ड जुना आहे आणि इतक्यात बदलणार नाही. ब्रँड सफायर किंवा पॉवरकलर, ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ निघेल तो. विंडोजला ड्रायव्हरपासून लांब ठेवेन, ‘ऑप्शनल’ला हात लावणार नाही. मीटिंग चालू असताना स्क्रीन गेलीच तर तेवढ्यापुरतं काय करायचं?

ट्रान्सहार्बर
विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो, उघडलेल्या फायली तशाच राहतात. एक बीप येईल, घाबरू नका. आवाज चालू असेल तर मीटिंगमध्ये कोणाला कळतही नाही.

बारावी ब
आणि काका, ती चार बटणं चिरंजीवांना सांगू नका. मॅच हरायला लागला की दाबेल आणि कार्डच खराब म्हणेल.

सेक्टर सतरा
घोडबंदरकर, निघण्याआधी कॅबिनेट उघडून आतली लांबी टेपने मोजा, स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत. हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येत असेल तर तो सोडून मोजा. २०१८च्या कॅबिनेटात तीन पंख्यांचं कार्ड बसत नाही म्हणून लोक परत येतात. दोन पंख्यांचं सांगा दुकानदाराला.